दुपारी चारचा काटा

मी एक वायुभारमापक बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, माझ्या बोलण्यावर लगेच विश्वास ठेवू नका. एकाने ठेवला होता आणि त्याला तो फार महाग पडला.

दिसायला मी भिंतीवरच्या घड्याळासारखा. पितळी कडं, काच, आत एकच काटा. आकडे मात्र वेळेचे नाहीत, हवेच्या दाबाचे. पोटात पत्र्याची पोकळ डबी आहे. बाहेरची हवा जड झाली की डबी दबते, हलकी झाली की फुगते, आणि त्याप्रमाणे काटा फिरतो. कडेने नॉर्वेजियन भाषेत शब्द कोरले आहेत: वादळ, पाऊस, बदल, छान, कोरडं. या पाच शब्दांवर मी सत्तर वर्षं काढली.

नॉर्वेच्या किनाऱ्यावर एका मासेमाराने मला आपल्या होड्यांच्या खोपीत टांगलं. समुद्रावर निघणारा प्रत्येक जण आधी माझ्या काचेवर बोटाने टकटक करायचा. काटा झपाट्याने खाली आलेला दिसला तर कोणी निघायचं नाही. कोणी निघालाच तर धक्क्यावरून ओरडून त्याला परत बोलवायचं, ही तिथली रीत. त्या मासेमाराचा मुलगा हालवर आठ वर्षांचा असताना त्याने अशीच हाक मारून वडिलांना परत आणलं होतं. त्या दिवशी खरोखरच वादळ झालं. बिचाऱ्याला तेव्हापासून वाटत आलं की मी चुकत नाही.

हालवर मोठा होऊन समुद्रावर गेला नाही. तो शिकला, जरा जास्तच शिकला. चौतीस वर्षं त्याने विद्यापीठात हिब्रू आणि ग्रीक शिकवली. जितकं शिकला तितका तो प्रत्येक गोष्टीबद्दल साशंक झाला. पत्राला तिकीट लावल्यावरही ते नीट लागलं की नाही हे तीनदा बघायचा.

सत्तरी उलटल्यावर तो आणि त्याची बायको बेरित मिशनच्या कामासाठी रायगडच्या किनाऱ्यावर आले. दिघीजवळ खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा आहे, तिथे मिशनचा जुना दवाखाना आहे. बेरित नर्स होती, तिला दवाखाना मिळाला. हालवरच्या वाट्याला पाच कुटुंबांची रविवारची प्रार्थना आली आणि एक वाचनालय, ज्यात कपाट होतं पण वाचक नव्हते. पुढची तीन वर्षं राहणार की परत जाणार, हे दोघांनी दिवाळीपर्यंत मिशनला कळवायचं होतं.

बेरितचं मन पहिल्याच आठवड्यात लागलं. हालवर मात्र रोज जेवताना विचारायचा, "माझा इथे कोणाला काय उपयोग?" हे मला नंतर कळलं. तेव्हा मी पुस्तकांच्या पेटीत, न्हावा शेवाच्या बंदरात कागदपत्रांची वाट पाहत पडलो होतो.

पेटी घरी आली ती नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रावर निघायच्या आदल्या दिवशी. शेजारचे धर्माजी नाखवा आणि त्यांचा मुलगा विनेश यांनी ती उचलून आत आणली. धर्माजींची बायको आवडाबाई मागोमाग आलीच.

"ह्ये काय, येक काट्याचं घड्याळ?" तिने विचारलं.

हालवर पुस्तकातून मराठी शिकला होता. तो म्हणाला, "हे यंत्र पर्जन्याचा पूर्वसंकेत देते."

विनेशने त्याचा सोपा अर्थ सांगितला. माझा काटा नेमका 'पाऊस' या शब्दाजवळ होता आणि बाहेर धो धो कोसळत होतं.

"पाऊस हाय, ह्ये सांगाया येवढ्या लांबनं आनलं व्हय?" आवडाबाई म्हणाली. सगळे हसले. हालवरही हसला. फार दिवसांनी हसला असावा, कारण बेरित त्याच्याकडे बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला. सकाळी दहाला हालवरने मला टकटक केलं आणि काटा कुठे आहे ते वहीत लिहिलं. दुपारी भरतीला होड्या निघायच्या होत्या. चार वाजता त्याने पुन्हा पाहिलं. काटा चार रेघा खाली आला होता.

हालवरचा चेहरा पांढराफटक पडला. त्याच्या गावी एवढी घसरण म्हणजे धोका. तो चप्पल न घालताच धावला. दार उघडं राहिल्यामुळे मला धक्का दिसत होता. धर्माजींची होडी नुकतीच सुटली होती. पाठीमागून हालवर जिवाच्या आकांताने ओरडला, "धर्माजी! प्रस्थान करू नका! परत या! परत या!"

होडी थांबली. मग हळूहळू वळली आणि धक्क्याला लागली.

तो घरी आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत चमक होती. "त्यांनी माझं ऐकलं, बेरित!" तो म्हणाला. मलाही अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू?

वादळ झालं नाही. रात्री दहापर्यंत काटा आपोआप वर चढला. बाकीच्या होड्या तिसऱ्या दिवशी पापलेटांनी भरून आल्या. हंगामाची पहिली मासळी धर्माजींच्या हातची गेली.

त्यानंतर गावात काहीतरी बदललं. समुद्रावर निघणारी माणसं आमच्या ओट्यासमोरचा सरळ रस्ता सोडून मागच्या चिखलाच्या गल्लीने जायला लागली. हालवर ओट्यावर बसून रोज पाहायचा. शेवटी त्याने आवडाबाईलाच गाठलं.

"माझ्या यंत्राची चूक झाली. म्हणून लोक रागावले का?"

"यंत्राला कोन इचारतंय, बाबा? मोबाइलवर सगला कलतंय आमाला."

"मग धर्माजी त्या दिवशी परत का आले?"

आवडाबाईने कपाळाला हात लावला. "तुमी मागनं टोकलंव! दर्यावर निघालेल्या मानसाला मागनं हाक मारतात काय? तशी हाक आली का त्या दिशी होडी न्हाय जात. आता पोरं घाबरतात, बाबा परत टोकंल म्हनून. तुमी मनाला लावून घेऊ नका. पन वाट बदलत्यात त्यी त्याच्यासाठी."

हालवर घरात आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. ज्या हाकेने त्याच्या वडिलांचा जीव वाचला होता, तीच इथे अपशकुन ठरली होती.

तेव्हापासून त्याने दर दोन तासांनी माझा आकडा वहीत लिहायला सुरुवात केली. बेरित काळजीत पडली. "हालवर, पुरे आता. माणसांत जा."

"माणसं मला टाळतात."

"मग परत जायचं का? तसं कळवू?"

"थांब. आधी मला कळू दे, मी चुकलो की हा चुकला."

महिन्याभराने वहीत त्याला उत्तर सापडलं. समुद्राला भरती-ओहोटी असते तशी ती इथल्या हवेलाही असते. सकाळी दहाला दाब वर, दुपारी चारला खाली, रोजच्या रोज. आमच्या थंड मुलुखात ती इतकी बारीक असते की मला कधी जाणवलीच नव्हती. म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो, पण मी काय बोलतोय हे मलाच माहीत नव्हतं. सत्तर वर्षांचा झाल्यावर असं काही कळलं की मागचं सगळंच पुन्हा तपासावंसं वाटतं. हालवरचंही तेच झालं. तो म्हणाला, "मी प्रार्थनेत लोकांना जे सांगतो, तेही असंच असेल का?" बेरितने त्याच्या हातावर हात ठेवला.

दिवाळीला आठवडा राहिला. मिशनला पाठवायचं पत्र टेबलावर तसंच पडून होतं, अर्धं लिहिलेलं.

त्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं. दहा वाजले. ही काटा वर असण्याची वेळ. पण काटा कालच्या दुपारच्या चारपेक्षाही खाली होता. हालवरने टकटक केलं. काटा आणखी खाली सरकला. त्याने वही काढली, दोन महिन्यांची पानं उलटली. सकाळी दहाला असं एकदाही झालं नव्हतं.

बाहेर धर्माजींच्या इंजिनाचा आवाज सुरू झाला.

हालवर दाराशी गेला. तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारावी तर अपशकुन. न मारावी तर होडी जाते. पुन्हा चुकलो तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. बरोबर असलो आणि गप्प बसलो तर? त्याच्या मनातलं मला अक्षरशः ऐकू येत होतं, कारण माझंही तेच चाललं होतं. बेरितने विचारलं, "काय झालं?" त्याने मला खिळ्यावरून काढलं आणि तो निघाला.

तो धक्क्यावर गेलाच नाही. खाडीच्या तोंडाशी जिथून होड्या बाहेर पडतात, तिथे खडकांची एक रांग पाण्यात उतरते. दुखऱ्या गुडघ्यांनी तो त्या खडकांवरून गेला, मला डोक्यावर धरून पाण्यात शिरला आणि छातीभर पाण्यात होडीच्या अगदी समोर उभा राहिला. तोंडातून चकार शब्द नाही.

विनेश नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला होता. मागे इंजिनापाशी बसलेल्या वडिलांना तो ओरडला, "आरं आप्पा, बंद कर! बाबा हाय म्होरं!"

इंजिन बंद पडलं आणि नेमका त्याच क्षणी हालवरचा पाय घसरला. तो पाण्यात गेला, त्याच्याबरोबर मीही. खारं पाणी माझ्या काचेच्या फटीतून आत शिरलं. धर्माजी आणि विनेशने आम्हा दोघांना ओढून होडीत घेतलं.

"मरायचं हाय का, बाबा?" धर्माजी ओरडले. "तोंडानं बोलाया काय झालं?"

हालवरला धाप लागली होती. "मागून... नाही बोललो," तो म्हणाला. "समोरून आलो."

 धर्माजी खो खो हसत सुटले. किनाऱ्यावर आवडाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आवडे, मागनं टोकलं तर होडी न्हाय जात. पन समोरनं म्हातारा पान्यात पडला तर काय करायचा?"

"घरी आना आन च्या पाजा!" तिने उत्तर दिलं. "आन तुमी सोता पुसा त्याला, मी न्हाय पुसनार!"

होडी परत फिरली. दुपारी एकच्या सुमारास सगळ्यांच्या मोबाइलवर वादळाचा इशारा आला आणि गेलेल्या होड्याही परत आल्या. ते वादळ पुढे दूर पश्चिमेकडे निघून गेलं. आमच्याकडे फक्त जोराचा वारा झाला आणि दोन दिवस पाऊस. म्हणजे मी कोणाचा जीव वाचवला असं म्हणता येणार नाही. धर्माजींचं थोडं डिझेल वाचलं एवढंच. की तेवढंही नाही? मला नक्की सांगता येत नाही.

संध्याकाळी बेरित म्हणाली, "तू आता शकुन मानायला लागलास?"

"शकुन नाही," हालवर म्हणाला. "धर्माजीला मानतो." मग नेहमीप्रमाणे त्याला शंका आली. "ते चालेल ना?"

"मला चालेल," ती म्हणाली. तिने टेबलावरचं पत्र पुढे ओढलं आणि उरलेलं स्वतः लिहिलं. तीन वर्षं.

मी आता खिळ्यावर नाही, टेबलावर आहे. पोटातली डबी गंजली आहे, काटा अडकला आहे. मुंबईत असली यंत्रं दुरुस्त करणारा एक माणूस हालवरने शोधून काढला आहे. सोमवारी विनेश मला घेऊन जाणार. बेरितने मला जुन्या टॉवेलात गुंडाळायला सुरुवातही केली आहे.

पण मी बंद पडल्यापासून एक गोष्ट घडते आहे. उद्याचं हवामान मला विचारायची सोय हालवरला उरलेली नाही. म्हणून तो रोज दुपारी धक्क्यावर जातो, जाळी विणणाऱ्यांत एका उलट्या टोपलीवर बसतो आणि विचारतो, "उद्या कसं?" धर्माजी आधी वाऱ्याकडे बघतात, मग त्याच्याकडे. म्हणतात, "तुमाला काय वाटतंय, बाबा?" आणि हालवर, ज्याला पत्रावरच्या तिकिटाचीही खात्री नसते, तो विचार करून काहीतरी सांगतो. कधी बरोबर येतं, कधी सगळे हसतात.

मी नीट झालो तर तो पुन्हा दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभा राहील, अशी मला भीती वाटते. माझे अंदाज चुकतात हे तुम्ही पाहिलंच आहे. हाही चुकीचा असेल. तरी विनेश दिघीच्या फेरीबोटीवर तुम्हाला भेटला आणि त्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं गोल काहीतरी दिसलं, तर त्याला एवढं सांगा, दुरुस्तीची घाई नाही. समोर उभं राहून सांगा.