कसा वाटता गो?

“ही नको. हिच्यात जागाच नाय,” म्हणत मामाने ती कोरी करकरीत सीडी परत कव्हरात सरकवली.

“कसली जागा?” मी विचारलं.

“पाय टाकूची जागा गो. सगळो वेळ धडधडधड. माणसान पाय खंय टाकूचो? त्यापेक्षा ही डर्बनवाली बघ. धप. मगे जागा. धप-धप. मगे जागा. म्हातारी पण नाचात.”

डर्बनवाली म्हणजे डर्बन बंदरात घेतलेली. माझा सत्यवानमामा आठ वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये ऑइलर, म्हणजे यंत्रांना तेल घालणारा, होता. बाकीचे खलाशी परदेशातून अत्तरं आणि ब्लँकेटं आणायचे, मामा प्रत्येक बंदरात एकच वस्तू शोधायचा. नाचाच्या गाण्यांचे संग्रह. एकट्या गायकाची सीडी तो कधीच घेत नसे. “एकाच माणसाचा बोलणा तासभर कोण आयकात? मी तुझ्या आजयेचा आयकूक नाय,” असं म्हणायचा. एका सीडीवर वीस गायक, वीस तऱ्हा. त्यातही जुनं हिप हॉप त्याचं लाडकं. इंग्रजी नावं वाचायच्या भानगडीत तो पडला नाही, सीड्यांना त्याने बंदरांचीच नावं ठेवली होती. रॉटरडॅमवाली हळदीला, सिंगापूरवाली लहान पोरांच्या वाढदिवसाला, सांतोसवाली जेवणानंतर, कारण पोटात भात असताना माणूस जोरात हलत नाही. डर्बनवाली सगळ्यात भारी, म्हणून ती जपून.

मागच्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगला मी तीच मागून नेली होती. कव्हरावर मोठ्या अक्षरांत ‘ओल्ड स्कूल’ छापलेलं. मुख्याध्यापकांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि म्हणाले, “वा! जुन्या शाळेच्या आठवणी. असंच काहीतरी हवं मुलांना.” लगेच सही. मग आम्ही सहा जणी टोप्या उलट्या घालून असल्या नाचलो की पहिला नंबर आला आणि सर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्याआधी मला फळ्यापर्यंत जायलाही दोनदा सांगावं लागायचं. त्यानंतर मात्र मी अख्ख्या नववीला पुरून उरले.

पण खरा धीर मला मामाने दिला. बोट सोडल्यापासून तो लग्ना-वाढदिवसांत गाणी लावायचा. प्रत्येक पार्टीला तो मला बरोबर न्यायचा आणि सीड्यांच्या टेबलाच्या उजव्या हाताला उभं करायचा. एक तळवा स्पीकरच्या खोक्यावर ठेवून दर गाण्याला माझ्या तोंडाकडे बघून विचारायचा, “कसा वाटता गो?” मी म्हणायचे, “बारीक आवाज टोचता, कमी कर.” तो करायचा. “माइक घरघरता.” तो वायर बदलायचा. घरी मला कुणी भाजी कुठली करायची तेही विचारत नव्हतं, आणि इथे अर्धं जग फिरलेला माणूस माझ्या मताने गाणी लावत होता!

त्या शनिवारी देवबागला शंकरशेठच्या नव्या रिसॉर्टवर त्यांच्या नातवाचा पहिला वाढदिवस होता. “कार्यक्रम बरो झालो तर दिवाळी ते मे, सगळो सीझन तुझो,” असं शेठनी मामाला सांगितलं होतं. मामाला ते काम हवंच होतं. मालवणात तीन पोरांनी मोठाले डीजे सेट आणले होते, एका डिस्कमध्ये दोनशे गाणी. मामाला आता कोण बोलावणार? शेवंतीमामी काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. बियांच्या चिकाने तिच्या बोटांची सालं निघत, भात ती चमच्याने खायची. सीझन मिळाला की मामी कारखाना सोडणार, एवढं ठरलं होतं.

“माझी बोटां बरी होवंदेत, मगे मी पण येतंय नाचूक,” मामी मागच्या दारातून म्हणाली.

मामा सीड्या पुसत राहिला. मामीने माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला आणि आत गेली. बायकोला उत्तर द्यायचंच नाही, ही पुरुषांची जुनी रीत, असं वाटून मी मामाच्या वतीने हसले.

शनिवारी चार वाजता सुरूच्या झाडांखाली टेबल लावलं. मुंबईचे पाहुणे, गावातले पाहुणे, खुर्च्यांवर बसलेल्या आज्या, कुणाच्या तरी कडेवर झुलणारं वाढदिवसाचं बाळ. मामाने आधी सिंगापूरवाली लावली. पोरं उड्या मारायला लागली. “कसा वाटता गो?” “एकदम बेस!” मग मामाने माझ्याकडे बघून भुवई उडवली आणि डर्बनवाली काढली.

तिसऱ्या गाण्याला आज्या टाळ्या वाजवत होत्या. एका मुंबईच्या मुलाने येऊन मामाला सांगितलं, “अंकल, हा गायक काय शिव्या देतोय माहितीय का?” मामा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “हंयसर कोणाक कळतत रे? नाच तू!” आणि तेवढ्यात पोरींनी मला हाका मारल्या. “वर्षाली, ये गो! ती गॅदरिंगवाली स्टेप दाखव!”

मी गेले. न विचारता गेले. इतक्या पार्ट्यांत मी टेबल पहिल्यांदा सोडलं होतं, आणि खरं सांगते, मला एकदाही मागे बघावंसं वाटलं नाही. सगळे माझ्याभोवती गोल करून उभे होते. वाळूत पाय रुतत होते तरी एकही ताल चुकत नव्हता.

बाळाच्या बाबांनी केक आणल्याचं सांगायला माइक उचलला आणि ते थेट स्पीकरसमोर जाऊन उभे राहिले.

शिट्टी सुरू झाली. माइक स्पीकरसमोर आला की वाजते ती. पण ही थांबेना. बारीक, उंच, कानातून डोक्यात घुसणारी. सगळ्यांनी दोन्ही हात कानांवर दाबले. आज्यांनी पदर कानात कोंबले. बाबांना माइक बंद कुठून करायचा ते कळेना, ते तो हलवत राहिले आणि शिट्टी वाढत गेली.

मी मामाकडे वळले.

मामा आमच्याकडे बघून हसत होता. तीस-चाळीस माणसं कानांवर हात ठेवून वाकलेली, आणि त्याला वाटलं ही नवीन स्टेप आहे. त्याने स्वतःचेही दोन्ही हात उचलले, कानांवर ठेवले आणि मान डोलवायला लागला.

कुणीतरी वायर उपटली. शिट्टी गेली, गाणंही गेलं. बाळ रडून रडून काळंनिळं झालं होतं, त्याची आई त्याला घेऊन खोल्यांकडे धावत होती. त्या सगळ्या शांततेत मामा अजून नाचत होता. धप, जागा, धप-धप, जागा. पाठ असलेल्या गाण्यावर, कानांवर हात ठेवून. मी जाऊन त्याचा दंड धरला तेव्हा तो थांबला.

शंकरशेठ ओरडले नाहीत. त्यांनी मामाला बाजूला घेतलं आणि समोर उभं राहून हळू विचारलं, “सत्या, तुका आयकाक येना नाय?”

“येता शेठ. वायर ढिली होती.”

“वायर नाय रे. पोरगो बघलस मा? निळो पडलो.” शेठ आणखी जवळ सरकले. “आयक. कुडाळाक कानाचो डॉक्टर आसा. तुझे कान बरे आसत असो तेचो कागद घेवन ये. कागद हाडलंस तर सीझन तुझो, माझी जीभ फिरूची नाय. नायतर माका दुसरो माणूस बघूक व्हयो.”

परतताना आम्ही टेम्पोत मागे, स्पीकरच्या खोक्यांना टेकून बसलो. तारकर्ली मागे गेली. तेव्हा मी विचारलं, “मामा, तू माका दर गाण्याक विचारतस, तां कित्या?”

तो माझ्या ओठांकडे बघत होता. इतके दिवस मी समजत होते, तोंडाकडे.

“माका आयकाक येना नाय म्हणान.”

“म्हणजे माझा मत...”

“मत बराच आसता तुझा. पण माका कान व्हये होते.”

सांगायला लाज वाटते, पण मला आधी त्याचं वाईट वाटलंच नाही. माझं वाटलं. मी कुणीतरी झाले होते ती त्या एका प्रश्नावर, आणि तो प्रश्न मला नव्हताच. मी तोंड फिरवून बसले. मग टेम्पो खड्ड्यातून गेला, खोकं सरकलं आणि मामाने ते माझ्या पायावर येऊ नये म्हणून खांद्याने रोखून धरलं, घरापर्यंत.

मध्येच तो आपणहून बोलला. फार मोठ्याने, टेम्पोवाल्यालाही ऐकू जाईल असं.

“इंजिनान खाल्ल्यान. आदी पाखरां गेली. मगे घड्याळाची टिकटिक गेली. मगे शेवंतीचो आवाज गेलो. जाडो असतो तर रवलो असतो, पण बारीक पडलो ना!” तो हसला. मी हसले नाही. “धप तेवढो रवलो. जुन्या हिप हॉपात तो बरो येता. हाडात येता.”

सोमवारी मी शाळेला दांडी मारली. मामीने मामाच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली, कॉलरवरून दोनदा. मला दाराबाहेर गाठून म्हणाली, “चेडवा, तू हुशार आसस. काय तरी कर.”

मी एसटीतच योजना तयार केली. माझी मैत्रीण दिव्या, तिच्या आजीच्या कानांची तपासणी झाली होती, तेव्हा मी सोबत गेले होते, त्यामुळे मला सगळं माहीत होतं. काचेची खोली असते, माणसाला आत बसवून कानांवर हेडफोन लावतात, बाहेर मशीनवर बाई बटण दाबते. दाबलं की लाल दिवा लागतो. आतल्याने आवाज आला की बोट वर करायचं. बोट आलं नाही तर बाई आवाज वाढवत जाते आणि कागदावरची खूण खाली खाली जाते; जितकी खाली, तितका कान गेलेला. “मी बायच्या पाठीमागे उभी रवतंय,” मी मामाला सांगितलं, ओठ मोठे करून, दोनदा. “दिवो लागलो की वेणयेक हात लावतंय. तू बोट वर कर. झाला!”

मामा खिडकीबाहेर बघत राहिला. मी ते हो असं धरलं. माझी योजना कुणी नाकारेल असं तेव्हा मला वाटतच नसे.

दवाखान्यात मशीनवरच्या बाई तरुण होत्या. त्यांनी फॉर्म भरायला घेतला. मामा त्यांच्यासमोर खुर्चीच्या टोकावर ताठ बसला आणि शाळेतल्यासारखं शुद्ध बोलायला लागला.

“याआधी कधी तपासणी झाली होती का?”

“झाली होती. अठ्ठ्याण्णव साली, मुंबईत. बोटीवर चढण्याच्या आधी.”

“मग?”

“मग चढलो नाही.”

आमच्या घरात सगळे समजत होते की सत्यवान समुद्राला कंटाळला. सात वर्षं तसंच समजत होते. मामाने माझ्याकडे बघितलं नाही. उठला आणि काचेच्या खोलीत गेला.

मी ठरल्याप्रमाणे बाईंच्या खुर्चीमागे उभी राहिले. मामा काचेतून नेमका माझ्या समोर. पहिला दिवा लागला. माझा हात वेणीकडे जायच्या आत त्याचं बोट वर गेलं. दुसरा लागला, बोट वर. माझी गरजच नव्हती! मला वाटलं, टेम्पोत तो उगाच घाबरला होता. मग बाईंनी मशीनची कळ बारीक, उंच आवाजाकडे फिरवली. दिवा लागला. बोट हललं नाही. मी वेणीला हात लावला. बोट वर गेलं. पुन्हा दिवा, पुन्हा वेणी, पुन्हा बोट. बाईंनी मान हलवून कागदावर खूण केली. मी आतून नुसती उडत होते. सीझन आमचा होता. मामीची बोटं मला बरी झालेली दिसायला लागली होती.

तेव्हा मामाने माझ्याकडे नीट बघितलं. रागाने नाही. मी तान्ही असताना तो पहिल्यांदा बोटीवर चालला होता, त्या वेळी त्याने मला असंच बघून घेतलं होतं म्हणे, आई सांगते. मग त्याने अगदी थोडी मान हलवली आणि डोळे मिटले.

दिवा लागला. मी वेणी धरली. दिवा विझला, लागला. मी वेणी ओढली, हलवली, खुर्चीमागे एक पाऊल पुढे गेले, जणू मिटलेल्या डोळ्यांना मी जवळून दिसणार होते. बाईंनी आवाज वाढवायची कळ फिरवली. मग आणखी.

“झोपले की काय हे?” त्या मागे न वळता म्हणाल्या.

“नाही,” मी म्हटलं. “ऐकतायत.”

मामा इस्त्रीच्या शर्टात ताठ बसला होता, हात गुडघ्यांवर. बाई पेनने खुणा करत गेल्या, आणि प्रत्येक खूण आधीच्या खुणेपेक्षा खाली, कागदाच्या तळाकडे उतरत गेली.