बावीस गल्ल्यांपलीकडचा काढा

चेंचोचा पट्टा एका भोकाने आत गेला तेव्हा हर्मेलिंडा काही बोलली नाही. दुसऱ्या भोकाने आत गेला तेव्हा मात्र तिने अख्ख्या बाजाराला ऐकवलं.

ऐकवणारच. अकरा वर्षं ती नवऱ्याला रोज सकाळी काढा पाजत होती. पुदिना, बडीशेप, लिंबाची साल, दालचिनीचा तुकडा आणि वर घेवड्याच्या उसळीत घालतात तो उग्र एपासोतेचा पाला, चांगला मूठभर. अत्लिस्कोच्या बाजारात तिच्या गाळ्यावर याच काढ्याच्या जुड्या टांगलेल्या असत आणि खाली पाटी: ‘पोट हलकं, कंबर बारीक’. पण पाटीखालीच चेंचो खोकी उतरवत उभा असायचा. गिऱ्हाईक आधी पाटी वाचायचं, मग त्याच्याकडे बघायचं आणि नुसती कोथिंबीर घेऊन जायचं. तीस वर्षं त्याने प्वेब्लाची बस चालवली होती, म्हणून सगळे त्याला अजून ‘उस्ताद’ अशीच हाक मारत. पोट स्टिअरिंगला टेकलं तेव्हाच त्याला निवृत्त केलं, असं लोक म्हणत.

आता त्याचं पोट उतरलं, तशी हर्मेलिंडाची मान वर झाली. तिने त्याची जुनी पँट गाळ्याच्या मधोमध टांगली. समोरच्या चीजवाल्या मिनेर्वाने एका पायात आपले दोन्ही पाय घालून दाखवले, बायका हसून लोटपोट झाल्या आणि त्या आठवड्यात जुड्या दुपारच्या आत संपू लागल्या.

“माझ्याच हातचा गुण,” हर्मेलिंडा प्रत्येकीला सांगायची. “फक्त धीर हवा.”

“अकरा वर्षांचा?” एकीने विचारलं. तिला हर्मेलिंडाने सगळ्यात शिळी जुडी दिली.

एका सकाळी मिनेर्वा चीज पुसता पुसता, मानाचं ‘दोन्या’ लावून म्हणाली, “दोन्या हर्मेलिंडा, रागावणार नसलात तर एक सांगते.”

“रागावेन. सांगा.”

“उस्ताद रोज बसस्थानकामागच्या बाजारात दिसतात. ओतिलियाकडे. काढा पीत.”

हर्मेलिंडा ओतिलियाला ओळखून होती. तीन वर्षांपूर्वी वाकेचुलाहून आलेली विधवा. एक टेबल, दोन थर्मास, प्लास्टिकचं एक स्टूल. तिचा पुदिना मरगळलेला आणि दालचिनी कागदासारखी पातळ, हा हिशोब हर्मेलिंडाने तेव्हाच करून ठेवला होता. आता राहिलेला केला: वय सेहेचाळीस, दात सगळे जागेवर, आवाज मऊ.

चेंचो सकाळी खोकी उतरवून, काढ्याची बरणी काखेत मारून “जरा पाय मोकळे करतो” म्हणून जायचा आणि रिकामी बरणी घेऊन परतायचा. रिकामी बरणी बघून तिला किती बरं वाटायचं!

दुसऱ्या दिवशी गाळा मिनेर्वावर सोपवून ती त्याच्या मागे निघाली. तो चक्क शीळ घालत चालला होता. तिसऱ्या गल्लीशी तो थांबला, बरणी उघडली, काढा एका झाडाच्या मुळाशी ओतला, झाकण लावलं आणि पुढे निघाला. झाड वाळत चाललं होतं, हेही हर्मेलिंडाने पाहिलं. ती गल्ल्या मोजत राहिली. बावीस भरल्या. तिला दोनदा भिंतीला टेकावं लागलं.

टेबलापुढे तीन बायका ताटकळत होत्या, पण थर्मास बंदच होते.

“उस्ताद येऊ देत, मग देते,” ओतिलिया त्यांना सांगत होती. “त्यांच्या हातची भवानी लाभते मला.”

चेंचो स्टुलावर बसला आणि त्याने दहा पेसोचं नाणं पुढे केलं. ओतिलियाने ते कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना लावून क्रूस काढला आणि शेवटी नाण्याचं चुंबन घेतलं. बाजारात प्रत्येक विकणारी पहिल्या विक्रीला हेच करते. हर्मेलिंडाही रोज करायची. पण हे नाणं तिच्या घरातून आलेलं होतं. तिच्या नवऱ्याच्या मुठीत ऊब धरून आलेलं. 

ती परत फिरली आणि गाळ्यावर येताच तिने मिनेर्वाला एक रिकामी बरणी देऊन ओतिलियाकडे पिटाळलं. मिनेर्वा परतली तशी हर्मेलिंडाने काढ्याचा घोट घेतला, तोंडात घोळवला आणि तिचा चेहरा उजळला.

“पुदिना, बडीशेप, नावाला दालचिनी. वर मध! हा काय काढा? हे तर बारशाचं सरबत! याने उंदीरसुद्धा बारीक व्हायचा नाही.”

“मग उस्ताद कसे झाले?”

“चालून! बावीस जायच्या, बावीस यायच्या. तिचा काही गुण नाही त्यात, कळलं? काही नाही!”

“कळलं,” मिनेर्वा म्हणाली. “पण टॉर्टिया आणायला कोपऱ्यापर्यंत न जाणारा माणूस बावीस गल्ल्या चालतो, तो कशासाठी?”

हर्मेलिंडाने जुडी बांधायला घेतली. दोरा तुटला. दुसरा घेतला, तोही तुटला.

दुपारी चेंचो जेवायला बसला तेव्हा तिने चौथी टॉर्टिया वाढली आणि हात तिथेच ठेवला.

“काय आहे तिथं?”

त्याने कुठे म्हणून विचारलं नाही. एवढा तरी प्रामाणिक होता.

“काढा आहे, म्हातारे.”

“काढा इथंही आहे.”

“इथला कडू असतो.”

“औषध आहे ते, जाड्या! आणि मध मिळतो म्हणून एवढं चालतोस?”

त्याने चमच्याने उसळ ढवळली. “ती विचारते.”

“काय विचारते?”

“पोट कसं आहे म्हणून. रात्री जळजळलं का, झोप लागली का.”

“त्यात विचारायचं काय? मला रोज दिसतं की तुझं पोट!”

“तेच तर,” चेंचो म्हणाला आणि जेवू लागला.

दुसऱ्या दिवशी त्याने खोकी उतरवली, तर हर्मेलिंडा गाळ्यावर कापड टाकून, शाल गुंडाळून तयार. ऐन विक्रीची वेळ होती.

“कुठं?” चेंचोने विचारलं.

“पाय मोकळे करायला.”

दोघं निघाली. सातव्या गल्लीशी तिला धाप लागली तेव्हा त्याने चाल कमी केली. तेराव्या गल्लीशी तिने त्याचा दंड धरला. आधारासाठी की ताब्यासाठी, ते तिचं तिलाच ठाऊक.

ओतिलियाने दोघांना पाहिलं आणि लगबगीने स्टूल पुसलं. चेंचोचा हात खिशात गेला. तो बाहेर यायच्या आत हर्मेलिंडाने आपलं नाणं टेबलावर आपटलं.

“दोन. भवानी माझी.”

नाइलाज होता. पहिलं नाणं नाकारायचं नसतं. ओतिलियाने ते उचललं, कपाळाला, छातीला, खांद्यांना लावलं, चुंबन घेतलं. हर्मेलिंडाने प्रत्येक हालचाल नीट पाहून घेतली. झालं. आता रोज येईन, तिने ठरवलं. गाळा उशिरा उघडला तरी चालेल, पण याचं नाणं त्या बाईच्या ओठांना लागू देणार नाही.

मग ती स्टुलावर बसली. चेंचो उभा राहिला. ओतिलियाने तिच्या हातात पेला दिला.

“बेताचाच गरम आहे, दोन्या. तुमचं पोट कसं असतं?”

“माझ्या पोटाला काय झालंय?” हर्मेलिंडा फणकारली.

ओतिलिया नुसतीच थांबली. मागे रांग लागली होती, तरी थांबली.

“जेवणानंतर आंबट येतं जरा,” हर्मेलिंडा म्हणाली. “जरा म्हणजे रोजच. आणि इथं, बरगडीखाली, गच्च होतं. संध्याकाळी तर...”

ती बोलत राहिली. स्वतःचाच राग येत होता तिला, पण थांबवत नव्हतं. चेंचोचा काढा संपला, रांगेतली एक बाई कंटाळून निघून गेली, आणि हर्मेलिंडा अजून परवाच्या झोपेपर्यंतच पोहोचली होती.