कप्तानाचा कौल

“अहो, बसा ना एका जागी! तुमच्या येरझाऱ्या बघून मलाच धाप लागायला लागली,” हॉस्पिटलच्या कॉटवरून बायको म्हणाली.

कप्तान बसले आणि लगेच उठले. खिडकी उघडली, वारा येतोय म्हणून लावली, कोंदट वाटलं म्हणून परत अर्धी उघडली. सकाळी डॉक्टरीणबाई सांगून गेल्या होत्या. बायकोच्या हृदयाची झडप निकामी होत आली होती. ऑपरेशन केलं तर जिवाला धोका, नाही केलं तर औषधांवर निघतील तेवढे दिवस काढायचे. दोन्हीतलं काय ते दुपारपर्यंत सांगा, म्हणाल्या. बायकोने त्यांच्यासमोरच हात झटकले. “यांना विचारा. आजवर सगळं मीच ठरवलं. आता मी दमले.”

नेमकं हेच कप्तानांना जमत नसे. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी उभा जन्म कारकुनी केली. बढती चालून आली तेव्हा नको म्हणाले, कारण अधिकाऱ्याला निर्णय घ्यावे लागतात. “साहेब, आपण म्हणाल तसं,” हे त्यांचं पालुपद. खात्यातले लोक त्याची नक्कल करून हसत. घर बायकोने पाहिलं, मुलीची शाळा बायकोने निवडली, जावईसुद्धा तिनेच पसंत केला. कोबी घ्यावा की फ्लॉवर, यावर हा गृहस्थ बाजारात ताटकळत राही आणि शेवटी दोन्ही घेऊन घरी बोलणी खाई. कप्तान हे नाव कॉलेजात चिकटलं होतं, ते काही सुटलं नाही.

दारावर टकटक झाली. एक तरुण प्राध्यापक आत डोकावला. विद्यापीठांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचा इतिहास तो लिहीत होता. कप्तान इथे असल्याचं त्यांच्या मुलीने त्याला फोनवर सांगितलं होतं.

“चुकीच्या वेळी आलो का मी?”

“छे, देवासारखे आलात,” बायको म्हणाली. “यांना जरा बाहेर न्या. इथल्या फरश्या झिजायला लागल्यात.”

बाहेरच्या पॅसेजमध्येही कप्तान उभेच राहिले. प्राध्यापक म्हणाला, “बाकी सगळ्या वर्षांचं जमलंय. गाडी तुमच्या फायनलपाशी अडलीय. नाणेफेकीवर करंडक गेला, अशी ती एकच. असं का केलं तेव्हा?”

“दुसरं करणार काय? आदल्या वर्षी बरोबरी झाली, म्हणून करंडक दोघांत वाटून दिला होता. सहा महिने यांच्याकडे, सहा महिने त्यांच्याकडे. पहिल्यांनी तो परत द्यायलाच नकार दिला! भांडण थेट कुलगुरूंपर्यंत गेलं. मग संयोजकांनी कानाला खडा लावला, वाटणी नाही म्हणजे नाही. पेनल्टींवर निकाल लावायचा नियम आमच्या स्पर्धेत अजून आला नव्हता. मॅच परत खेळवावी, तर दुसऱ्या दिवशी पोरांच्या परीक्षा. जादा वेळही संपला, पोरं चिखलात आडवी पडलेली, आणि पंच नाणं घेऊन माझ्यापुढे उभे. पाहुण्या संघाच्या कप्तानाने सांगायचं, असं ठरलेलं.”

“आणि तुम्ही छापा म्हणालात. छापाच का?”

कप्तानांनी चष्मा पुसला. हा प्रश्न त्यांनी स्वतःला जन्मभर विचारला होता. “तोंडात आलं ते बोललो. पोरं जीव तोडून खेळली, आणि मी एका शब्दात सगळं घालवलं. मला कुणी चकार शब्द बोललं नाही हो! शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. गाडीत आमचा गोलकीपर खिडकीकडे तोंड करून रडत होता.”

“जिंकलेल्या कप्तानांना भेटलो मी मागच्या आठवड्यात. ते म्हणाले, माझी पाळी असती तर मीही छापाच म्हटलं असतं.”

म्हातारा सुखावेल, असं प्राध्यापकाला वाटलं होतं. कप्तान उलट भडकले.

“मग? होती का त्याची पाळी? आता बोलायला त्याचं काय जातंय? माझी होती पाळी! मी म्हणालो!”

“काका, हळू,” नर्सने दटावलं. “पेशंट झोपलेत.”

कप्तान वरमले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “कुणीतरी म्हणायलाच हवं होतं. नाहीतर ते पंच अजून तिथेच उभे असते.”

प्राध्यापक हसला. कप्तान हसले नाहीत. ते तडक पॅसेजच्या टोकाला गेले आणि दार न वाजवताच डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरले. “ऑपरेशन करा,” म्हणाले. आवाज मोठा निघाला, पण इतकी भीती त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

“काय ठरवलंत?” परत आल्यावर बायकोने विचारलं.

“ऑपरेशन.”

“का?”

“जिना चढताना तू मधेच थांबतेस आणि मला म्हणतेस, तुम्ही व्हा पुढे. मला नाही व्हायचं पुढे.”

बायकोने त्यांना हाताला धरून कॉटवर बसवलं. मग म्हणाली, “भीती वाटतेय मला. पण बरं केलंत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डबॉय तिला न्यायला आले. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी तिने चाकांची खुर्ची थांबवायला लावली.

“अहो, जवळ या. काही वाईट झालं तर तुमची समजूत काढायला मी नसेन. म्हणून आत्ताच सांगून ठेवते. तुम्ही चुकला नाहीत.”

कप्तानांनी मान हलवली. वाकून तिच्या पायातल्या चपला काढून घेतल्या. दार बंद झालं.

मुलगी धावतपळत आली तेव्हा ते बाहेरच्या बाकावर आईच्या चपला मांडीवर घेऊन बसले होते.

“नेलं तिला? बाबा, आईनेच ठरवलं ना हे?”

“नाही,” कप्तान म्हणाले. “मी.” आणि सरकून त्यांनी तिला शेजारी जागा करून दिली.