जोडाखालचा मी

मी बोलतोय. अहो, वर कुठं बघताय? खाली बघा, खाली! कुंडीत खोचलेल्या पाटीवर 'संत्रं, गोड' असं लिहिलंय, ते वरच्या महाशयांबद्दल. मी त्यांच्या खालचा. मातीपासून वीतभर उंचीवर खोडाला एक गाठ दिसते ना, तो आमचा जोड. जोडाच्या वर संत्रं, जोडाच्या खाली मी. मुळं माझी, पाणी मी ओढायचं, वारा सुटला की पाय रोवून मी उभं राहायचं आणि पाटीवर नाव मात्र त्याचं. आहे की नाही गंमत?

जातीनं मी जंबेरी. म्हणजे खडबडीत सालीचं, काटेरी, आंबटढाण लिंबू. रोपवाटिकेत आम्ही ओळीनं उभे होतो, चांगले तरतरीत. एके दिवशी माळी आला, कचकन माझा शेंडा उडवला, तिथं चीर दिली, संत्र्याची एक नाजूक काडी खुपसली आणि वरून पट्टी आवळून निघून गेला. मला कुणी विचारलं? छे! या प्रकाराला कलम म्हणतात आणि माझ्यासारख्याला खुंट. नाव तरी बरं ठेवायचं होतं.

संत्र्याचं माझ्यावाचून भागत नाही, हे मला लवकरच कळलं. ते आपलं नाजूक, माझी मुळं दणकट. पण माझ्याही अंगात रग होती. जोडाखालून अधूनमधून मी हळूच एखादा कोंब बाहेर काढायचो आणि माळी चालता चालता अंगठ्यानं तो पुसून टाकायचा. तेव्हाच मी चंग बांधला, एकदा का एखाद्या नवख्याच्या घरी गेलो की दाखवतोच.

आणि नशिबानं घर मिळालं ते मास्तरांचं.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. सगळा जन्म कोट-पँट शिवण्यात गेला. नुकतंच त्यांनी दुकान बंद केलं होतं. 'कंटाळा आला' असं ते सगळ्यांना सांगायचे. खरं कारण असं, की एका नवरदेवाच्या कोटाला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, ऑपरेशन करून टाका. मास्तर तिथून जे उठले ते थेट रोपवाटिकेत आले आणि मला काखोटीला मारून घरी घेऊन गेले.

"हे काय आणलंत?" मालकीणबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, दारातच विचारलं.

"संत्र्याचं झाड. आता मी बागकाम करणार."

"आणि ऑपरेशन?"

"अगं, जन्मभर कात्री मी चालवली. आता माझ्या डोळ्यावर कुणी चालवायची म्हणजे काय! मला नीट दिसतंय. न दिसणाऱ्याच्या हातून झाड वाढेल का? याला फळ आलं की मग बोल."

झालं! मी आलो बाल्कनीत आणि मास्तरांच्या डोळ्यांचा वकील झालो. कुणी ऑपरेशनचा विषय काढला, की मास्तर माझ्याकडे बोट दाखवायचे. मालकीणबाई गप्प बसायच्या. दुकान बंद झाल्यापासून हा माणूस खुर्चीत नुसता बसून असायचा, निदान आता उठतोय तरी, असं त्या शेजारणीला सांगताना मी ऐकलंय.

आता नवख्या माणसाच्या हातचं प्रेम कसं असतं ते ऐका. पहिलं म्हणजे पाणी. सकाळी पाणी, दुपारी पाणी, जाता-येता पाणी. माती कोरडी झाली का, हे बोट घालून बघावं, तर नाही! दुसरं म्हणजे पोशाख. मास्तरांना माझी उघडी कुंडी बघवेना. त्यांनी उरलेल्या सुटिंगच्या कापडाचा कुंडीला अंगरखा शिवला, आतून रबरी अस्तर लावलं आणि वर खोडाला घट्ट बसणारी कॉलर केली, मागं हुक लावून. मापं हातानंच घेतलेली, तरी बसला अगदी झकास. फक्त कुंडीच्या बुडाचं भोक अस्तरानं बंद झालं आणि कॉलरखाली आमचा जोड झाकला गेला. शिवण उघडी दिसता कामा नये, हा त्यांचा दुकानातला नियम होता.

पाणी तुंबलं. माझी मुळं गुदमरली, मग वरच्या महाशयांची तर बातच नको. पानं पिवळी पडून टपटप गळायला लागली. एक दिवस मास्तर अंघोळीला गेले तेव्हा मालकीणबाई कात्री घेऊन आल्या, कुंडी कलती केली, अस्तराला खालून भोक पाडलं आणि फरशीवर आलेलं पाणी पुसून टाकलं. मास्तरांना यातलं काही सांगितलं नाही. पुढं झाड सावरलं तेव्हा मास्तर म्हणाले, "बघितलंस? माझा हातगुण!" आणि बाई म्हणाल्या, "हो तर."

त्यांचं सगळं असंच चालायचं. मास्तर सुई मागायच्या आधीच त्या दोरा ओवून ठेवायच्या. मास्तर पेपर उघडायचे, तर 'आधी मला बघू द्या' असं म्हणून त्या तो ओढून घ्यायच्या आणि भाजी निवडता निवडता बातम्या मोठ्यानं वाचायच्या. इतक्या बेमालूमपणे, की मास्तरांना आपल्याला काही कमी दिसतंय असं वाटायचंच नाही.

या सगळ्यात मी आपले हात धुवून घेतले. संत्रं मरगळलेलं, जोड झाकलेला, माळी लांब. मी कॉलरच्या आतून एक कोंब वर सोडला. बंद गळ्याच्या कोटातून मान बाहेर काढावी तसा तो वर आला आणि जो सुटला म्हणता! मास्तरांच्या हाताला एकीकडे माझी जाडजूड, सरळ फांदी लागायची आणि दुसरीकडे संत्र्याची वाळकी काडी. "ही बघ फांदी! आणि ही एक उगीच लोंबतेय, धाग्यासारखी," असं म्हणून त्यांनी संत्र्यालाच कात्री लावली. मी इतका हसलो की मुळं दुखली.

मग माझे राजविलासी दिवस सुरू झाले. दर रविवारी मास्तर टेप घेऊन माझी उंची आणि छाती मोजायचे. आकडा मालकीणबाई सांगायच्या आणि मास्तर तो खालच्या मजल्यावरच्या मेहुण्याला ऐकवायचे. मेहुणा म्हणजे मालकीणबाईंचा धाकटा भाऊ. गच्चीवर त्याची पेरू-डाळिंबांची रांग होती आणि जिभेवर सल्ल्यांची. एकदा तो मला बघायला वाकला तेव्हा मी काट्यानं त्याचा शर्ट टराटरा फाडला.

"दाजी, संत्र्याला एवढे काटे?"

"उंची जात आहे. तुला नाही कळायचं."

मेहुणा आणखी काही बोलणार होता, पण मालकीणबाईंनी मागून त्याच्याकडे बघून असे काही डोळे वटारले की तो फाटका शर्ट सावरत खाली गेला.

दोन-तीन वर्षं गेली. डॉक्टरांकडून दोनदा बोलावणं आलं आणि दोन्ही वेळा मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मधे एकदा ते जिन्यात एक पायरी चुकले, गुडघा सोलवटला. पायरीच वाईट बांधलीय, म्हणाले. शेवटी मालकीणबाई एकट्याच डॉक्टरांना भेटून आल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणखी थांबलात तर मोतीबिंदू काढूनही नजर येईलच असं नाही. त्या दिवशी त्या बाल्कनीत येऊन माझ्यापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. माझ्याकडे अशा बघत होत्या की मला पहिल्यांदाच जरा ओशाळल्यासारखं झालं.

आणि नेमकं तेव्हाच मला फळं आली. चांगली सहा-सात, मुठीएवढी, टेंगळाटेंगळांची. पिकली तेव्हा पिवळीजर्द झाली. पण मोतीबिंदूच्या पडद्याआडून मास्तरांना जग असंही पिवळट-तांबूसच दिसायचं.

"अगं, बाहेर ये! केशरी झालीत बघ!" मास्तर ओरडले.

बाईंनी बघितलं. "हो," म्हणाल्या, पण आवाज अगदी खोल गेला होता.

मास्तरांनी मेहुण्याला आग्रहाचं बोलावणं धाडलं. इस्त्रीचा शर्ट घातला, फळं पुसून बशीत मांडली, स्वतः सोलली. साल निघता निघेना. पहिली फोड मेहुण्याला दिली. मेहुण्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. एक डोळा मिटला, दुसऱ्यातून पाणी आलं, कान लालभडक झाले, आणि तशातही तो गडी म्हणाला, "वा, दाजी! काय... काय रस आहे!"

"गोड आहे ना?"

"ताई, तूच सांग," असं म्हणून मेहुणा पाणी प्यायला आत पळाला.

बाईंनी फोड तोंडात घातली. चावली. गिळली. आता त्या नेहमीसारखं 'हो तर' म्हणणार, मला खात्रीच होती. आणखी वर्षभर माझं राज्य पक्कं!

"आंबट आहे," बाई म्हणाल्या.

"काय?"

"आंबट आहे हो. तोंड पिळवटून टाकणारं. आणि केशरी नाही, पिवळं आहे. लिंबासारखं पिवळं. मला पहिल्यापासून दिसत होतं, पण तुम्ही इतके खूश होतात की माझी जीभच रेटेना." त्यांना रडू फुटलं. "डॉक्टर म्हणतात, आता थांबलात तर दृष्टी जाईल. मी दोरे ओवीन हो जन्मभर, पण तुम्हाला माझं तोंडसुद्धा दिसणार नसेल, तर काय करू मी?"

मास्तरांनी उरलेली फोड स्वतःच्या तोंडात टाकली. मग हळूच खाली बसले, माझ्या कॉलरचे हुक काढले आणि खोडावरून बोटं फिरवायला लागले. फिरवता फिरवता बोट जोडावर येऊन थांबलं.

"अगं, हा जोड आहे," ते म्हणाले. "दोन वेगळी कापडं जोडावी तसा. आणि ही फांदी जोडाच्या खालून निघालीय. म्हणजे मी वाढवला तो खालचा. आणि वरचं चांगलं संत्रं कापून टाकलं." त्यांनी कॉलर हातात घेतली. "एवढी मोठी शिवण रोज माझ्या नाकासमोर, आणि मीच ती झाकून ठेवली."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? मघापर्यंत मी गालातल्या गालात हसत होतो, पण शिंप्याला स्वतःच्या हातची शिवण दिसू नये, यात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मेहुणा आतून कात्री घेऊन आला. "दाजी, द्या उडवून! आत्ताच्या आत्ता!"

"नको," मास्तर म्हणाले. "न बघता कापून एकदा घोटाळा केलाय. आता दिसल्याशिवाय कापणार नाही. अगं, डॉक्टरांना फोन लाव."

आता आली का पंचाईत! मास्तरांना दिसायला लागलं की माझी फांदी जाणार, हे उघड होतं. ते दवाखान्यात गेले त्या दिवशी मी काय मागावं, तेच मला कळेना. शेवटी म्हटलं, जाऊ दे, फांदी काय, मुळं माझी शाबूत आहेत. माणसाचं तसं नसतं.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काही दिवसांनी मास्तर काळा चष्मा कपाळावर सरकवून बाल्कनीत आले. मला वाटलं, आधी माझ्याकडे येतील. पण ते मालकीणबाईंकडेच बघत राहिले.

"अगं, तुझे केस कधी एवढे पांढरे झाले?"

"रंग लावायचं सोडलं मी. म्हटलं, कुणाला दिसतंय!" बाई हसल्या आणि पदरानं डोळे पुसत आत पळाल्या.

मग माझी पाळी. मास्तरांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "वस्ताद आहेस लेका," म्हणाले, आणि जोडाखालून निघालेल्या माझ्या फांदीवर, खोडाला अगदी लागून, एकच स्वच्छ घाव घातला. दुखलं. पण काम सफाईदार होतं, मानलं आपण. वर संत्र्याचं एक बोटभर हिरवं टोक अजून जिवंत होतं. त्याला त्यांनी काठीचा आधार दिला, कुंडीचा अंगरखा काढून टाकला आणि आता माती कोरडी लागली तरच पाणी घालतात.

दीड वर्षात संत्र्यानं चांगला जोर धरलाय. यंदा पांढरी फुलं आली आणि बारकी हिरवी फळंही धरलीत. गोड होतील. वरचे महाशय जरा तोऱ्यात असतात, पण असू दे. पाणी अजून मीच चढवतो.

मी सुधारलो, असं मात्र समजू नका. कोंब काढतोच. मास्तर रोज सकाळी स्टूल घेऊन येतात, जोडाखालून नजर फिरवतात आणि कोंब दिसला की "सापडला चोर!" असं ओरडून अंगठ्यानं पुसून टाकतात. मेहुण्याला खालपर्यंत ऐकू जातं. ती आरोळी ऐकायला एखादा कोंब गेला तर माझं काय बिघडतं? तुमच्याकडेही कलमाचं झाड असेल तर जोड मोकळा ठेवा आणि त्याच्या खालून येणारं सगळं वेळीच खुडा. आम्हाला राग येत नाही. आम्हीही मग दुसरीकडून डोकं काढतोच.

आज सकाळी मी मुद्दाम अवघड जागा निवडली. मास्तरांच्या डाव्या हाताला, भिंतीच्या बाजूनं, मातीला टेकून, मोहरीएवढा कोंब. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय. 'एकानं भागतंय की,' असं म्हणत ते तेव्हापासून पुढंच ढकलतायत. मास्तरांनी बघितलं, पुन्हा बघितलं. "आज चोर सुट्टीवर दिसतोय," असं म्हणून ते उठायला लागले.

मालकीणबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांना कोंब दिसला. त्यांचा हात पुढं आला, अगदी माझ्यापर्यंत आला. मला वाटलं, आता या गुपचूप खुडणार आणि 'हो तर' म्हणणार.

त्यांनी हात मागं घेतला.

"आहे," त्या म्हणाल्या. "एक आहे. तुमच्या डाव्या बाजूला. बसा खाली आणि शोधा."

मास्तर पुन्हा बसले. मान वाकडी केली, मग आणखी वाकडी केली, आणि बऱ्याच वेळानं उजवा डोळा भिंतीपाशी नेला तेव्हा कुठं त्यांना मी दिसलो. आज आरोळी ठोकली नाही त्यांनी. अंगठा कोंबापर्यंत नेला आणि तसाच मागं घेतला.

"अगं," मग म्हणाले, "डाव्याचीही तारीख घेऊन टाक. याला त्या डोळ्यानं बघूनच खुडीन."

तर मंडळी, तोवर हा कोंब माझा! दवाखान्यातून मास्तर येईपर्यंत त्याला चांगली दोन पानं फुटली पाहिजेत. निघतो मी, पाणी ओढायचंय.