आत्याचा मान

दारात गाडी थांबली की प्रज्ञाच्या हातातलं काम थांबायचं. उरणच्या त्या रस्त्यावरून बंदराकडे जाणारे ट्रेलर दिवसरात्र धावतात, त्यांच्या आवाजाची तिला लग्न झाल्यापासून सवय होती. पण ट्रेलर दारात थांबत नाहीत. छोटी गाडी थांबली की ती आधी पाळण्याकडे धावायची आणि मग खिडकीकडे. पोर जागेवर आहे ना ते बघायचं, मग कोण आलंय ते.

पोर महिन्याची होती. तिचीच होती, कोर्टाच्या हुकमाने तिची होती, तरी प्रज्ञा अशी धावायची. हसू येण्यासारखं होतं, पण हसायला घरात कुणाला सुचत नव्हतं.

झालं होतं असं. प्रज्ञाला तीन वेळा दिवस राहिले आणि तीनही वेळा पदरात काही पडलं नाही. शेवटच्या खेपेला जीव वाचवायला डॉक्टरांनी गर्भपिशवीच काढली. मग नवऱ्याची, सुजितची, धाकटी बहीण प्रांजली पुढे आली. दिवेआगरला दिलेली, एका मुलाची आई, पर्यटकांच्या घरगुती खानावळीत स्वयंपाक करणारी. ती म्हणाली, "वहिनी, तुमचं मूल माझ्या पोटात वाढू दे. पिशवी काय, मला पुन्हा लागणार न्हाय."

बोलायला सोपं. त्यानंतर अलिबागच्या फेऱ्या, डॉक्टरांच्या मंडळाचे दाखले, विमा, शपथपत्रं. वकीलबाई शिवानी यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "दवाखान्याचा खर्च आणि विमा, बस्स. त्यापलीकडे मोबदला म्हणून काही द्यायचं नाही. पैसे नाहीत, वस्तू नाही. दिलंत तर तो गुन्हा, आणि आत जायचं तुम्हा दोघांना." कोर्टात साहेबांनी प्रांजलीला विचारलं, तुला यातून काय मिळणार? ती म्हणाली, "साहेब, मी आत्या होणार हाय." साहेबसुद्धा गालात हसले होते.

सगळं रीतसर झालं. घोळ केला तो आनंदाने. मुलगी झाल्याचं कळताच सासूबाई, सखूबाई, दवाखान्याच्या ओसरीवर उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटल्या, "माझ्या लेकीनं घर तारलं! बारशाला सोन्यानं मढवून पाठवीन तिला!" त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक बोरमाळ होती. लेकाच्या पहिल्या मुलाचं नाव जी आत्या ठेवील तिच्या गळ्यात ती घालायची, हे त्यांनी सुजित रांगत होता तेव्हाच ठरवलं होतं. आत्याने पाळण्यात वाकून कानात नाव सांगायचं, कुर्रर्र करायचं, आणि भावाने तिचा मान करायचा. पंचशील घेऊन होणारं नामकरण असो की आणखी कसलं, आत्याचा मान कुठे चुकत नाही. सखूबाईंच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण ओसरीवर ऐकणारे कान बरेच होते, आणि त्यांतल्या कुणीतरी तक्रार ठोकली. बाई भाड्याने घेतली, सोनं देऊन पोर विकत घेतलं.

जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातून फोन आला. शुक्रवारी चौकशीला येतो म्हणाले. शुक्रवारी पौर्णिमा होती आणि पौर्णिमेलाच बारसं होतं. जेवणाची ऑर्डर दिलेली, पाहुणे बोलावलेले.

सुजित बंदरावरच्या कंटेनर यार्डातून, कामावरून आल्यावर नुसता डोकं धरून बसला. सखूबाईंनी मात्र भिंतीकडे बोट केलं. तिथे बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या मधोमध संविधानाची उद्देशिका काचेत लावलेली होती. "कायद्याला भ्यायचं चोरानं," त्या म्हणाल्या. "आपल्या घरात कायदा भिंतीवर लावलाय. आपण काय चोरी केली?"

प्रज्ञा शाळेत शिक्षिका. ती उद्देशिका दर वर्षी मुलांकडून तोंडपाठ करून घेणारी. तिला सासूचं म्हणणं पटायला हवं होतं. पण रात्रंदिवस तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं. कुणीतरी खाकी बाई पाळण्यातून पोर उचलतेय आणि पोर मागे वळून बघतही नाही.

त्या भीतीत तिने फोन केला. घरात कुणाला न सांगता, मागच्या पडवीत जाऊन.

"प्रांजली, तू शुक्रवारी येऊ नकोस."

"काय झालं वहिनी?"

"चौकशीची माणसं येणार आहेत. तू दिसलीस की आई ती बोरमाळ काढणार, त्यांना कुणी अडवू शकत नाही. सगळ्यांसमोर सोनं दिलं तर संपलंच. तू नसलीस तर प्रश्नच नाही."

पलीकडे मिक्सर चालू होता. कुणीतरी खोबरं वाटत होतं.

"मग नाव कोण ठेवनार?"

"नावाचं काय एवढं, कुणीही ठेवेल," प्रज्ञा म्हणाली, आणि म्हणताना तिचा जीव चरकला. पण शब्द तोंडातून गेला होता.

"मी ठरवलंय नाव," प्रांजली हळू म्हणाली. "नऊ म्हयनं कुनाला सांगितलं न्हाय. माझ्या मुलाला पन न्हाय."

"हे मिटलं की बघू गं."

फोन बंद झाला. घरात प्रज्ञाने सांगितलं, प्रांजलीला ताप आहे, तिला येता येणार नाही.

आता खरं सांगायचं तर कायदा हे अर्धंच कारण होतं. दुसरं अर्धं तिने स्वतःलाही कधी नीट सांगितलं नव्हतं. दवाखान्यात पोर रडायला लागली की प्रज्ञाच्या खांद्यावर गप्प व्हायची नाही. प्रांजली शेजारच्या खाटेवरून नुसतं "काय गं, काय?" म्हणाली की ठप्प. त्या आवाजाची ओळख होती तिला, नऊ महिन्यांची. प्रज्ञाने तेव्हाच घाबरून खोली बदलून मागितली होती. तापाचं निमित्त, चौकशीचं निमित्त. तिला तो आवाज पोरीच्या कानापासून लांब हवा होता. असं माणूस भीतीपोटी करतं, आणि वर त्याला शहाणपण म्हणतं.

शुक्रवारी सकाळी मंडप बसला. बौद्धाचार्य आले, पांढऱ्या साड्यांनी ओटा भरला. वंदना झाली. प्रत्येक जण आत येऊन पोर बघायचा आणि हटकून विचारायचा, "आत्या कुठाय?" प्रज्ञा ताप म्हणायची. तिच्या तोंडचं पाणी पळालेलं बघून बायका म्हणाल्या, जागरणं असतील.

पाळण्याला फुलं लावताना गाडी थांबली. पांढरी, सरकारी.

मॅडम पन्नाशीच्या, साध्या साडीतल्या, बरोबर एक कारकून. त्यांनी चप्पल बाहेर काढली, तसबिरींपुढे हात जोडले. मग आतल्या खोलीत बसून सुजितला शांतपणे प्रश्न विचारले. खर्च कुणी केला, विमा कुठला. सगळ्याची उत्तरं होती. प्रज्ञाला वाटलं, सुटलो. तिने चहाचा कप पुढे केला.

"बहीण कुठे आहे तुमची?" मॅडमनी विचारलं.

"ताप आहे तिला," सुजित म्हणाला. त्याला तेच माहीत होतं.

"ताप?" मॅडमनी कप तसाच ठेवला. "काल संध्याकाळी मी स्वतः बोलले तिच्याशी. ठणठणीत होती. येणार का विचारलं, तर म्हणाली मला बोलावलं नाही."

सुजितने बायकोकडे बघितलं.

"मी महाडची," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तरी धडकी भरवणारा होता. "आमच्याकडेही आत्याच नाव ठेवते. भावाशी कोर्टकचेरी चालू असली तरी बारशाला आत्या येते. आणि इथे जिने पोटात वाढवलं, जी सख्खी आत्या, तिलाच बोलावलं नाही? तुमच्याविरुद्ध तक्रार आली तेव्हा मला ती खोडसाळ वाटली होती. आता वाटत नाही. काम झालं की कुणाला लांब ठेवतात, ताई? भाड्याने घेतलेल्या बाईला. मी हे काय समजू?"

ज्याच्यापासून पळायचं त्याच्याच तोंडात जाऊन पडावं तसं झालं होतं. पाळण्यात पोर चुळबुळ करायला लागली.

मॅडमनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. घंटी वाजत राहिली. प्रज्ञाच्या मनात येऊन गेलं, की प्रांजली आता काहीही बोलू शकते. एक शब्द पुरे. दिलं म्हणाली की संपलं. आणि म्हणालीच, तर तिला दोष तरी कुठल्या तोंडाने द्यायचा?

"बोला मॅडम." प्रांजलीचा आवाज.

पाळण्यातली चुळबुळ थांबली. पोरीने मान वळवली. ते खोलीतल्या सगळ्यांनी बघितलं.

"मी तुमच्या भावाच्या घरी बसले आहे. सगळे ऐकतायत. खरं सांगा, मूल वाढवून दिल्याबद्दल यांनी तुम्हाला काय दिलं?"

सुजित खुर्चीची कड घट्ट धरून उभा होता. प्रज्ञाने डोळे मिटले.

"दिलं व्हतं मॅडम," प्रांजली म्हणाली.

कारकुनाने पेन उचललं.

"एकच गोष्ट दिली व्हती. नाव ठेवायचा मान. तो पन वहिनीनं परवा फोनवर काढून घेतला. म्हनाली, कुनीही ठेवेल." "दुसरं काय मिळालं असंल तर लिहा."

फोन बंद झाला.

सखूबाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कळलं नाही. त्यांच्या हातात तांबड्या कापडात बांधलेली बोरमाळ होती. त्यांनी ती मॅडमसमोर उघडली, दाखवली, पुन्हा बांधली. "ही देनार व्हते, बाई. लपवून न्हाय, चार लोकांत. तुमच्या कायद्यात बसत न्हाय तर ऱ्हाऊ दे. पेटीत आली तशी पेटीत जाईल." मग सुनेकडे बघून म्हणाल्या, "नाव आज ठेवायचं न्हाय. लोकांना जेवायला वाढा."

मॅडमनी सगळं लिहून घेतलं, प्रज्ञाची सही घेतली. निघताना पाळण्यापाशी क्षणभर थांबल्या. "अहवाल वर पाठवते," म्हणाल्या. "तिनं सांगितलं तेच लिहिलंय. निर्णय माझ्या हातात नाही." गाडी गेली. चहा तसाच होता.

सुजित बायकोशी एक अक्षर बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी प्रज्ञाने पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि "दिवेआगरला जायचंय" म्हणाली, तेव्हा त्याने मुकाट्याने गाडी काढली.

आगरदांड्याला जेट्टीवर बोटीची वाट बघताना पोर रडायला लागली आणि बोट दिघीला लागली तरी थांबेना. प्रज्ञाच्या मनात आता खाकी बाई नव्हती. आता प्रांजलीचं दार होतं. ते उघडलंच नाही तर? आणि उघडून पोर तिने घेतली, आणि परत दिलीच नाही तर? कोर्टाचा कागद पिशवीत होता. तो दाखवून काय मागणार होती ती?

सुपारीच्या वाड्या मागे टाकल्यावर वस्तीतलं शेवटचं घर. वादळात उडालेल्या कौलांच्या जागी अजून पत्रे होते. सुजित गाडीशीच थांबला. प्रांजली दारात आली. बाळंतीण असूनही कंबरेला पदर खोचलेला, हाताला खोबऱ्याचा वास. वहिनीने मानाचं काही आणलंय का ते तिने बघितलं नाही. ती पोरीकडे बघत होती.

"चुकलं माझं," प्रज्ञा म्हणाली. "मी घाबरले गं. त्यांना घाबरले त्याहून जास्त तुला घाबरले. नाव ठेव तिचं."

प्रांजलीने हात पुढे केले. पोर घेतली. "काय गं, काय?" म्हणाली, आणि रडं थांबलं.

मग ती आत गेली आणि तिने दार लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

प्रज्ञा अंगणात उभी राहिली. दार वाजवायला हात उचलला आणि खाली घेतला. आत पावलं ऐकू आली, मग तीही थांबली. दाराला कान लावावा असं वाटलं, पण तेवढी तिची हिंमत नव्हती. नऊ महिने ही पोर याच घरात होती, याच दाराच्या आत. तेव्हा वाट बघताना तिला अशी भीती कधी वाटली नव्हती.

बऱ्याच वेळाने आतून बारीक कुर्रर्र ऐकू आलं. कडी निघाली.

प्रांजलीचे डोळे लाल होते. तिने पोर उचलून प्रज्ञाच्या हातात दिली, दुपटं नीट केलं, पोरीच्या गालाला लागलेलं काजळ अंगठ्याने पुसलं. "घ्या. कानात सांगितलंय तिच्या."

"काय ठेवलंस?"

"आईला फोन करून सांगते," प्रांजली म्हणाली. "तुम्हाला आई सांगंल."

ती स्वयंपाकाला आत गेली. दार उघडंच होतं. पोर तिकडे मान वळवून बघत होती, आणि तिला आपल्याकडे वळवायला, हाक मारायला, प्रज्ञाजवळ नाव नव्हतं.