अँटेनाच्या पाठीमागची बाई

"मार्लुसे, या वेटोळ्या अँटेनाला पाठ नसते. जेवढं पुढे बघतो, तेवढंच मागे. मागून धातूचा डबा बसव," असं प्रयोगशाळेतले माझे वरिष्ठ एवाल्दो म्हणाले होते. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, यांना ना लेकरू ना बाळ, यांना माझी घाई काय कळणार!

माझी लेक इयारा तेव्हा जेमतेम मान धरायला लागली होती. श्वास चालू आहे ना, हे बघायला मी तिच्या नाकाखाली सारखं बोट धरायची. ती जागी व्हायची. नवरा, अदिल्सन, म्हणायचा, "तिचा श्वास अडलाच तर तुझ्या बोटाने अडेल."

मग शिकलेल्या बाईने शिकलेला उपाय काढला. रडार! डासांच्या कॉइलसारखा अँटेना लहरी सोडणार, परतलेल्या लहरींत छातीची हालचाल दिसणार. आधी सगळं सॉफ्टवेअरमध्ये मांडलं. इयारा म्हणजे खारट पाण्याचा एक दंडगोल.

"ही आपली मुलगी?" अदिल्सन म्हणाला. "नाक तरी काढ गं."

"नाक काढलं तर गणित दुप्पट वेळ खाईल," मी गंभीरपणे सांगितलं.

गणित आणखी लवकर आटोपावं म्हणून मी अँटेनाच्या लगेच मागे सगळ्या लहरी गिळणारी सीमा टाकली. म्हणजे मागे जगच नाही. चित्र काय सुरेख आलं! पाळण्याच्या दिशेने लहरींचा एकच गुबगुबीत लाल फुगा. इतर आया फोनवर बाळाचा फोटो लावतात, मी तो फुगा लावला.

अँटेना डब्याशिवायच पाळण्याजवळच्या भिंतीवर चिकटवला. पडद्यावर रेघ संथ वर-खाली होऊ लागली आणि माझं बोट सुटलं.

एका दुपारी कॉफी गाळताना मी रेघेकडे कौतुकाने बघत होते. किती शांत झोपते माझी पोर! तेवढ्यात रस्त्यावरून अदिल्सन आत आला. कडेवर इयारा.

"ही खोलीत नव्हती?"

"चौकात नेली होती. सांगून गेलो. तू 'हं' म्हणालीस."

रेघ वर-खाली होतच होती. इतके दिवस मी कुणाच्या श्वासावर निर्धास्त होते?

अदिल्सनने खोलीत जाऊन पाळण्याजवळच्या भिंतीला कान लावला. "अगं, तुझी मुलगी घोरतेय!"

भिंतीपलीकडे शेजारच्या दोना झुल्मिरांचा, म्हणजे झुल्मिराबाईंचा, पलंग. एकट्या राहतात, दुपारभर झोपतात.

मला हसू फुटणार, तोच रेघ सपाट झाली. बराच वेळ तशीच राहिली, मग एकदम उसळली. पुन्हा सपाट. अशी उसळी मी आधीही पाहिली होती आणि 'इयारा पाय झाडतेय' म्हणून सोडून दिली होती. मी धावत जाऊन त्यांचं दार बडवलं.

"काय गं पोरी, आग लागली का?" दोना झुल्मिरा केस सावरत म्हणाल्या.

"दोना, झोपेत तुमचा श्वास अडतो. डॉक्टरांकडे चला."

"तुला कुणी सांगितलं?"

मी काय सांगणार? "भिंतीतून ऐकलं."

"मग भिंतीलाच ने डॉक्टरकडे!" दार बंद.

नंतरही पुष्कळ विनवण्या केल्या. बाई हलल्या नाहीत. आता नोकरीपायी आम्ही दूर कँपिनास शहरात आलोय. त्या फोन उचलत नाहीत, पण तो त्या कधीच उचलत नसत.

तुमच्यापैकी कुणी आमच्या जुन्या गावी, सांता रीताला असेल, तर चर्चमागच्या गल्लीतलं त्यांचं हिरवं दार दुपारी एकदा वाजवा. जोरात वाजवा. आतून शिव्या आल्या की मला लगेच कळवा.