मुंगीचा गणवेश

डॉक्टरीणबाईंनी प्रश्न साधाच विचारला. "हिचे कपडे घट्ट व्हायला लागले, ते तुमच्या केव्हा लक्षात आलं?"

"घट्ट कुठे झालेत?" मुंगीची आई लगेच म्हणाली. "दोन वर्षांपूर्वीचाच गणवेश घालते की ती!"

मुंगीचा बाप शिंपी. तो भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे टक लावून बसला. चित्रात बघण्यासारखं काही नव्हतं, पण बायकोकडे बघायची त्याची छाती होईना.

बाईंनी मुंगीला वजन करायला शेजारच्या खोलीत पाठवलं आणि आवाज खाली आणला. "मानेवरचा काळा पट्टा मळाचा नाही, घासून जायचा नाही. रक्तातली साखर वाढलीय. मधुमेह अजून झालेला नाही, पण उंबरठ्यावर आलाय. सहा महिन्यांनी परत तपासू. तोवर तिला एकटीला उपाशी ठेवू नका, टोचून बोलू नका. बाटलीतली गोड पेयं बंद, रोज तासभर हालचाल, झोप वेळेवर, आणि हे सगळ्यांनी. सवय तिची नाही, घराची बदलायचीय."

अकरा वर्षांची पोर हो! जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढीशी होती, म्हणून तर नाव पडलं मुंगी. तेव्हा तिने एक घास जास्त खाल्ला की घरात आनंदीआनंद व्हायचा. पोर वाढली, बाळसं धरलं, तरी तो आनंद काही आवरला नाही. रडली की बिस्कीट, शहाण्यासारखी वागली की बिस्कीट, आणि आईबापांना कामातून सवड नसली की हातात मोबाइल आणि सोबतीला बिस्किटांचा अख्खा पुडा.

आता शिंप्याने काय करून ठेवलं होतं, ते ऐका. मुंगी चौथीत असताना भर वर्गात तिच्या स्कर्टचं हूक तुटलं. पोरं खिदळली. ती घरी आली ती दार लावून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, शिंप्याने स्कर्टची शिवण उसवली. शिवणीच्या आत जादा कापड सोडलेलं असतं, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. त्यातलं बोटभर बाहेर घेतलं, नवी टीप मारली, इस्त्री फिरवली आणि घडी होती तशी ठेवून दिली. मुंगी शाळेत गेली नि हसत परत आली. झालं! याला वाटलं, आपण केवढा मोठा पराक्रम केला.

मग त्याला चटकच लागली. दर दोन-तीन महिन्यांनी गुपचूप शिवण उसवायची. माया संपली तेव्हा त्याच कापडाची पट्टी जोडली, तीही अशा सफाईने की दुसऱ्या कारागिरालाही पत्ता लागू नये. माप असं घेतलंच नाही कधी, सगळं नजरेने. इतर घरांत कपडा घट्ट होतो, आई कावते, निदान कुणाला तरी जाग येते. या भल्या माणसाने कपड्याला तक्रारच करू दिली नाही.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगून टाकलं. ती दिवसभर बस डेपोत तिकीट खिडकीवर बसणारी बाई, आवाज खणखणीत. पण त्या दिवशी आवाज चढलाच नाही.

"दोन वर्षं? अहो, मी आई आहे तिची, तुमच्या दुकानातलं गिऱ्हाईक नाही."

"पोर हसावी म्हणून केलं गं."

"हसली ना? आता रोज सुया टोचून घ्यायची वेळ आली तर हसेल का ती?"

शिंप्याला रडू आलं, आणि तिलाही.

दुसऱ्या दिवसापासून घर बदललं, म्हणजे बदलायला लागलं. गोड बाटल्या गेल्या. दुकान सहाला बंद होऊ लागलं आणि तिघं तलावाला फेरी मारू लागले. जेवण एकत्र, टीव्ही बंद, अर्ध्या ताटात भाजी. पहिल्या आठवड्यात मुंगी फुगून बसली. दुसऱ्या आठवड्यात शिंपीच कपाटामागे बिस्कीट खाताना सापडला आणि बायकोने त्याची अशी हजेरी घेतली की मुंगी पोट धरून हसली.

महिना झाला असेल. एका संध्याकाळी मुंगी दुकानात आली आणि तिने गणवेशाचा स्कर्ट मशीनवर ठेवला.

"बाबा, कमरेत काचतोय. उसव ना. नेहमी उसवतोस तसा."

शिंप्याच्या हातातली कात्री तशीच राहिली. "तुला माहीत होतं?"

"नव्या दोऱ्याचा रंग वेगळा दिसतो. मला कळत नाही का?"

"मग बोलली का नाहीस कधी?"

मुंगी खाली बघून स्कर्टच्या चुण्या सारख्या करत राहिली. "तू लपवून करायचास. मला वाटलं, तुला माझी लाज वाटते."

शिंपी स्टुलावर बसला. पोरांच्या हसण्यापासून तिला वाचवायला गेला होता, आणि त्या हसण्यापेक्षा खोल घाव त्यानेच घातला होता. तिला जवळ घेऊन तो म्हणाला, "नाही गं बाळा. तुझी लाज कधीच नाही वाटली. मी घाबरलो होतो. बोललो असतो तर काहीतरी करावं लागलं असतं. चुकलो मी."

मुंगीने बाहीने नाक पुसलं.

शिंप्याने जुना स्कर्ट बाजूला ठेवला आणि निळ्या कापडाचा तागा काढला. "हा आता उसवायचा नाही. नवा शिवू. ये, माप देतेस का? तुझी इच्छा असेल तरच."

तिने मान हलवली. त्याने टेप धरली आणि कमरेचा आकडा सांगितला, कुणाही गिऱ्हाइकाला सांगावा तसा, आवाज न दबवता. मुंगीने तो वहीत लिहिला. जसा होता तसाच. पुढच्या तपासणीला अजून पाच महिने होते.

"आता तुझं," ती म्हणाली आणि टेप घेऊन उभी राहिली.

शिंपी हात वर करून ताठ उभा राहिला. मुंगीने टेप त्याच्या पोटाभोवती फिरवली, आकडा बघितला आणि भुवया वर केल्या.

"श्वास सोड, बाबा. पोट आत ओढून धरलंयस."